बॅक साइड सिक्युरिटी

आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या सिद्रामआप्पांची ओळख करून घ्यायची तर त्यांच्या समोर जाऊन काही उपयोग नाही. मागे जाऊन उभं राहायला हवं. समोरून आप्पा चारचौघांसारखेच दिसतात. कपाळावर विभूती, गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचण्या, आणि टाचण्या ओठांत असल्या तरी अखंड चालू असलेलं तोंड. पण त्यांनी पाठ फिरवली, की निळ्या शर्टावर पिवळ्याधमक इंग्रजी अक्षरांत झळकायचं, ‘बॅक साइड सिक्युरिटी’. अक्षरं एवढी दांडगी, की गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बिनचष्म्याचं वाचावं.

परवापरवापर्यंत हा शर्ट घालून आप्पा देवळात जायचे, मंडईत जायचे, लग्नाला, बारशाला आणि मयतीला जायचे. बरं, ते कुठल्या गेटवर नोकरीला आहेत म्हणावं तर तसंही नाही. घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून ते गणवेश शिवतात. शाळेचे, दवाखान्याचे, बँडवाल्यांचे, जो सांगेल त्याचे.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते. हा शर्ट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला इतकं हसू आलं, की हातातली भाजीची पिशवी खाली ठेवावी लागली. आप्पांनी विचारलं, “काय झालं वो बाई?” आता काय सांगणार? बॅक साइड म्हणजे मागची बाजू हे खरं, पण इंग्रजीत त्याचा आणखी एक अर्थ होतो, आणि तो म्हणजे माणूस ज्यावर बसतो ती जागा. हे शेजारच्या वडीलधाऱ्या गृहस्थांना कुठल्या तोंडानं समजावायचं? मी “काही नाही, छान आहे,” म्हणाले. या ‘छान आहे’चे परिणाम मी पुढे कितीतरी वर्षं भोगले.

शर्टाची कथा अशी. बाहेरगावच्या एका एजन्सीनं आप्पांना रखवालदारांचे शर्ट शिवायला सांगितले. मॅनेजर फोनवर म्हणाला, “काय छापायचं ते ऐका. बॅक साइड, सिक्युरिटी.” आप्पांनी ऐकलं तसं छापणाऱ्याला सांगितलं. छापणारा आप्पांपेक्षा प्रामाणिक. त्यानं एक अक्षर गाळलं नाही. गठ्ठे गेले तसे परत आले, आणि पाठोपाठ मॅनेजरचा फोन आला, “आमची माणसं काय संडासाबाहेर उभी करू?”

मॅनेजरला एवढं चिडायला काय झालं ते आप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही. “मागं सिक्युरिटी पायजे म्हनला, मागं सिक्युरिटी दिली. वर मागं हाय हे बी लिवून दिलं. आनी काय करायचं मानसानं?” माल अंगावर पडला तो पडलाच, शिवाय आप्पांनी भरलेलं सिक्युरिटी डिपॉझिटही मॅनेजरनं ठेवून घेतलं. त्याच संध्याकाळी आप्पा आमच्या दारात हजर.

“बाई, सिक्युरिटी म्हंजी काय वो?”

“सुरक्षा. राखण.”

“मग ती डिपॉझिटमधी कशी शिरली?”

“ती निराळी. तिला अनामत म्हणायचं.”

आप्पांनी क्षणभर विचार केला आणि मांडीवर थाप मारली. “म्हंजी सिक्युरिटीनं सिक्युरिटी खाल्ली म्हना की!” आणि असे खदखदून हसले, की ओठांतल्या टाचण्या आमच्या ओसरीभर पांगल्या. एवढा फटका बसलेला माणूस हसतोय आणि मी गुडघ्यांवर बसून टाचण्या वेचतेय, असा तो प्रसंग होता.

त्या दिवसापासून आप्पांना त्या शब्दाचा नाद लागला. कुणाला पतंगांचा लागतो, कुणाला कबुतरांचा. आप्पा कुठून कुठून सिक्युरिट्या धरून आणायचे आणि माझ्यासमोर सोडायचे. बँकेत गेले, तिथला साहेब म्हणाला, “कर्ज देऊ, पण सिक्युरिटी काय देणार?” आप्पा उभे राहिले आणि त्याच्याकडे पाठ करून थांबले. साहेबानं वाचलं. मागच्या रांगेनं वाचलं. दारावरच्या बंदूकवाल्यानं वाचलं आणि सवयीनं सलाम ठोकला. कर्ज मिळालं नाही, पण चहा मिळाला. घरी आल्यावर मी त्यांना ‘तारण’ हा अर्थ सांगितला.

एकदा तर भर दुपारी धावत आले. टीव्हीवर बातमी लागली होती, सिक्युरिटीजमध्ये मोठी घसरण.

“बाई, कुटं घसरल्या वो सगळ्या? फरशी वली हुती का? कुनाला लागलं बिगलं न्हाय न्हवं?”

मी रोखे म्हणजे काय, बाजार म्हणजे काय, ते माझ्या अकलेप्रमाणे सांगितलं. आप्पांनी मान डोलावली आणि जाता जाता म्हणाले, “तरी पन फरशी पुसून घ्याया पायजे हुती.”

एकदा मात्र मीच आगाऊपणा केला. सिक्युरिटी ब्लँकेट असाही एक शब्द आहे म्हणाले. लहान पोराला एखाद्या पांघरुणाची इतकी सवय लागते, की ते अंगाशी असल्याशिवाय त्याला झोप येत नाही. त्या पांघरुणाला असं म्हणतात. आप्पा ताठ झाले. “मग आपलं सोलापूर म्हंजी समद्या देशाची सिक्युरिटी की वो! चादरी कोन इनतंय?” पुढे महिनाभर गल्लीत जो भेटेल त्याला हे ज्ञान मिळत होतं, आणि वर माझं नाव सांगितलं जात होतं.

परत आलेले शर्ट आप्पांनी फेकले नाहीत. स्वतः घातले, भाच्यांना दिले, दूधवाल्याला दिले, इस्त्रीवाल्याला दिले. काही काळ आमच्या गल्लीत इतक्या बॅक साइड सिक्युरिट्या हिंडत होत्या, की परका माणूस आत शिरायला बिचकायचा. संक्रांतीच्या जत्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्यावर, एका हवालदारानं आप्पांचा फक्त ‘सिक्युरिटी’ एवढाच शब्द वाचला आणि त्यांच्या हाती गर्दीचा दोर दिला. आप्पांनी तो संध्याकाळपर्यंत धरला. त्यांना सोडा म्हणायला कुणी आलंच नाही. घरी येऊन मला म्हणाले, “लई इज्जत दिली बाई पोलिसांनी.”

शर्टाचा आप्पांच्या स्वभावावरही परिणाम झाला. आपल्यावर खरोखरच मागच्या बाजूची जबाबदारी आहे असं ते धरून चालले. कुणीही कुठंही निघालं, की त्यांचं ठरलेलं वाक्य, “तुमी व्हा म्होरं, मागचं मी बगतो.” गल्लीतली प्रत्येक गाडी आप्पांच्या देखरेखीखाली मागे यायची. “येऊ द्या, येऊ द्या, लई जागा हाय, येऊ द्या,” मग धाडकन आवाज, आणि मग शांतपणे, “आता थांबा.” पाण्याचा टँकर त्यांनी याच पद्धतीनं आमच्या तुळशीवृंदावनापर्यंत आणला होता. मी भडकले. इतकी भडकले, की चार दिवस इंग्रजी बंद ठेवलं. पाचव्या दिवशी आप्पा विटा आणि सिमेंट घेऊन आले आणि नवं वृंदावन बांधून गेले. तेही रस्त्याकडे पाठ करून, म्हणजे वाचायला बरं पडतं.

आता राणीबद्दल सांगायला हवं. राणी आप्पांची एकुलती लेक. तिची आई, महादेवीवहिनी, राणी शाळेत जायला लागली तेवढ्यातच गेल्या. त्यानंतर ते पोर रात्री झोपेना. तिला मशीनच्या आवाजात डोळा लागायचा, कारण वहिनी तिला मांडीशी निजवून मशीनवर काजं करत बसायच्या. मग आप्पा मशीनवर बसायला लागले. काम असो नसो, ती झोपेपर्यंत मशीन चालायचं. एकदा मी वाटीभर साखर मागायला गेले तेव्हा बघितलं, सुईत दोराच नव्हता. आप्पा नुसतेच पायडल मारत होते. मला बघून ओठांवर बोट ठेवलं आणि खुणेनं साखरेचा डबा दाखवला. मी साखर घेतली आणि घरी येऊन रडले.

राणी मोठी झाली, फार्मसी शिकली, दवाखान्याच्या औषधांच्या दुकानात लागली. ती स्कूटीवर पुढे आणि आप्पा सायकलवर मागे, शर्टासकट. राणी कळवळून म्हणायची, “आप्पा, मागं येऊ नका की! दुकानातल्या पोरी वाचत्यात.” आप्पा म्हणायचे, “वाचू दे की. वाचन चांगलं असतंय.”

मग मंगळवेढ्याचं स्थळ आलं. मुलगा सागर, तिकडच्या साखर कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला. पोहे झाले, चहा झाला, आणि आप्पांनी घसा साफ करून माझ्याकडून शिकलेला ‘हमी’ हा ताजा अर्थ बाहेर काढला.

“पाव्हनं, तुमच्या जॉबला सिक्युरिटी हाय का?”

सागर सरळपणानं म्हणाला, “हाय की. गेटवर दोघं असत्यात.”

आधी मी हसले. मग राणी पदरात तोंड घालून हसली. सागरला आपण काय बोललो ते उशिरा कळलं आणि त्याचे कान लाल झाले, पण तोही हसला. आप्पा मला ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेले. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर आनंद. “बाई, हेच पोरगं. आपल्या लायनीतलं हाय!”

लग्न ठरलं आणि आप्पांची गडबड सुरू झाली. पण लग्नाच्या आदल्या दुपारी राणी माझ्याकडे आली. हाताला मेंदी, म्हणून मीच तिला पाणी पाजलं. ती म्हणाली, “बाई, माणसं चांगली हायत, सागर चांगला हाय, पन मला तितं झोप यायची न्हाय. मला ठाऊक हाय. आनी हितं आप्पांचं काय?” एवढी शिकलेली, औषधांची नावं तोंडपाठ असलेली मुलगी, आणि डोळ्यांत तेच शाळकरी पोरीचं भय. मी म्हटलं, “अगं, आत्या येतेय ना सोबत चार दिवस.” सासरी पहिल्यांदा जाताना नवरीबरोबर माहेरची एक बाई जाते. आप्पांच्या अक्कलकोटच्या बहिणीनं ते काम स्वतःकडे घेतलं होतं. राणीला जरा धीर आला.

लग्न झकास झालं. राणीनं आप्पांना तंबी दिली होती, आज तो शर्ट दिसता कामा नये. आप्पांनी ऐकलं. अंगात नवा कोट, डोक्याला फेटा. मी बघतच राहिले, आप्पा मागून अगदी अनोळखी वाटत होते.

घोटाळा पंगतीत झाला. आत्याबाईंना साखरेचा आजार, आणि जिलबीवर जीव. वाढप्यानं आग्रह केला, आत्यांनी त्याचं मन राखलं, पुन्हा राखलं, आणि पाठवणीच्या वेळेला आत्या कार्यालयातल्या खोलीत आडव्या झाल्या. डोकं गरगरतंय, उठवत नाही. डॉक्टर म्हणाले, धोका नाही, पण प्रवास नको.

बाहेर गाडी फुलांनी सजून उभी. सागरची आजी पुढे आली. नऊवारी नेसलेली, कानानं जरा मंद, आवाजानं खणखणीत. तिनं विचारलं, “पोरीसंगं पाठराखीन कोन हाय?”

एका मामीच्या पोराची परीक्षा, दुसरीचं तान्हं, तिसरी आपल्या नवऱ्याकडे बघायला लागली. राणीनं माझा हात घट्ट धरला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गर्दीतून आवाज आला.

“तुमी व्हा म्होरं. मागचं मी बगतो.”

आप्पा.

आजीनं त्यांना खालवर न्याहाळलं. “आवो व्याही, पाठराखीन बाई असती. बाप्या मानूस कुटं पाठराखीन असतो व्हय?”

यावर आप्पांनी काय करावं? त्यांनी फेटा काढून माझ्या हातात दिला. कोटाची बटणं सोडली. कोट काढला. आणि बँकेत उभे राहिले होते तसे, आजीकडे पाठ करून उभे राहिले. कोटाच्या आत तोच शर्ट! एवढ्या वर्षांत बाकीचे सगळे फाटले होते, वाटले गेले होते, हा शेवटचा धड उरला होता. राणीनं कपाळाला हात लावला. सागरच्या कारखान्यातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. बँडवाल्यानं काही न समजून बँड सुरू केला.

“काय लिवलंय रं त्येच्यावर?” आजी ओरडली.

सागरनं वाचलं. एकदा राणीकडे बघितलं, एकदा आप्पांच्या पाठीकडे. आणि शांतपणे म्हणाला, “पाठराखीण लिवलंय, आजी.”

मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवते. अनामत झालं, तारण झालं, रोखे झाले, हमी झाली, पण शर्टावर जे लिहिलं होतं त्याचं मराठी मला कधी सुचलं नव्हतं. पाठ म्हणजे बॅक साइड आणि राखीण म्हणजे सिक्युरिटी. आप्पा गर्रकन वळले आणि बँडच्या वरताण ओरडले, “व्हय बाई? बरूबर हाय?”

“अगदी बरोबर आहे आप्पा!” मीही ओरडले. मला हसू येत होतं की रडू, ते माझं मलाच कळत नव्हतं.

आजीनं पदर सावरला. “छापीलच हाय म्हनल्यावर मग काय बोलायचं? बसा गाडीत.” आणि आप्पा गाडीत बसले. मागच्या सीटवर, लेकीच्या शेजारी, मांडीवर आत्याबाईंची पिशवी घेऊन. गाडी निघताना त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, “जाऊ द्या म्होरं, लई जागा हाय.”

मंगळवेढ्याच्या हकिकती फोनवर कळत होत्या. पाठराखिणीला खणनारळ द्यायचा की टोपी, यावर तिथल्या बायकांचा वाद झाला आणि शेवटी दोन्ही दिलं. आप्पांनी सगळ्या जावांच्या साड्यांना फॉल लावून दिले. माळ्यावर आजीचं जुनं मशीन गंजत पडलं होतं, ते खाली काढलं, तेलपाणी केलं. राणी मला म्हणाली, “बाई, झोप येती मला. आप्पा रोज मशीनवर बसत्यात. आजी म्हणती, पाहुण्याला कामाची लई हौस.”

चार दिवसांचे आठ झाले, आणि मग आप्पा एसटीनं परत आले. अंगात व्याह्यांनी दिलेला कोरा पांढरा शर्ट. मी विचारलं, “सिक्युरिटी कुठाय?”

“ठिवून आलो. मशीन रोज कोन चालवनार तितं? राणी म्हनली, आप्पा, त्यो शर्ट ऱ्हाऊ द्या. उशाला घेती.” मग म्हणाले, “ती तुमची ब्लँकेटवाली सिक्युरिटी वो, बाई.” आणि हसले. टाचण्या नव्हत्या ओठांत, त्यामुळे काही सांडलं नाही.

त्यानंतर आप्पांनी मला एकही शब्द विचारला नाही. गाड्या मागे येत होत्या, पण त्यांचं “येऊ द्या” ऐकू येत नव्हतं. गल्लीतल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, मला मात्र करमेना. कालच दिवेलागणीला शेंगाची चटणी घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. राणीची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली, शिवायला कापड कुठंच नाही, आणि मशीन मात्र चाललेलं. आप्पा माझ्याकडे पाठ करून बसले होते. पांढरी, कोरी पाठ. पाय हळूहळू पायडलवर चालत होते.

सुईत दोरा नव्हता.

माझी चाहूल लागली तसे आप्पा थांबले. “बाई, सवय वो,” म्हणाले. “ह्ये बंद झालं की मलाच झोप येत न्हाय.”

मी चटणीची वाटी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि त्यांच्या मागे जाऊन बसले.

“चालू द्या आप्पा,” म्हटलं, “मागचं मी बघते.”